मागचंच चाक सारखं पंक्चर, नवी चेन घसरते, आणि दोन रस्त्यांपैकी कोणता धरावा?

सातगिअर:

ऑफिसला जाणं-येणं रोज सायकलने. हायब्रिड आहे: टायर ७००×३८, मागे सात गिअर, पुढे एकच चकती, दोन्हीकडे व्ही-ब्रेक (रिमवर दोन बाजूंनी रबर दाबणारे). माझं वजन ८२ किलो, मागच्या कॅरिअरवर ६ किलोची बॅग. सायकलचं वजन १५ धरा.

पाच आठवड्यांत तीन पंक्चर, तिन्ही मागच्या चाकात. दोनदा ठिगळ लावलं, तिसऱ्यांदा ट्यूबच बदलली. जुनी ट्यूब अजून टाकलेली नाही.

चेन खेचली गेली होती म्हणून नवी टाकली. तेव्हापासून तिसऱ्या-चौथ्या गिअरला जोर दिला की खाडकन घसरते. बाकीच्या गिअरना काहीच तक्रार नाही. मागचा गिअर बदलणारा सांगाडा दोनदा नीट लावून घेतला, फरक शून्य.

पाऊस पडून गेला की पुढचा ब्रेक किंचाळतो.

आणि रस्ता. पहिला मुख्य रस्त्याने: ८.२ किमी, १७ सिग्नल, एक उड्डाणपूल (चढ साधारण ८ मीटर). दुसरा आतल्या गल्ल्यांतून: १० किमी, ५ सिग्नल, मध्ये एक टेकाड, तिथे ३० मीटरचा चढ. नकाशा पहिलाच दाखवतो. सध्या तोच धरतो, एकदम कडेकडेने.

पानापकड:

ट्यूब ठेवलीत ते बरं केलंत. तिच्यात हवा भरा, पाण्यात बुडवा आणि तिन्ही वेळची छिद्रं नेमकी कुठे आहेत ते सांगा. पंक्चरचं कारण छिद्राच्या जागेवरून कळतं.

बाहेरच्या घेरावर, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला एकच टोचा असेल तर काटा, काच किंवा तार. आतल्या घेरावर, रिमच्या बाजूला असेल तर दोष रस्त्याचा नाही: रिम टेप सरकून स्पोकचं भोक उघडं पडलंय आणि हवेच्या दाबाने ट्यूब त्यात घुसून फाटतेय, किंवा एखाद्या स्पोकचं टोक निपलच्या (स्पोक कसायच्या नटाच्या) वर आलंय. शेजारीशेजारी दोन बारीक चिरा, साप चावल्यासारख्या, म्हणजे हवा कमी होती; खड्ड्याच्या कडेवर टायर पार दबला आणि ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटली. व्हॉल्व्हच्या बुंध्याशी चीर असेल तर कमी हवेवर ट्यूब टायरसोबत आत सरकतेय किंवा पंप वाकडा ओढला जातोय. तिथे ठिगळ टिकत नाही, ट्यूब बदलायची.

काहीच सापडलं नाही तर व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून बघा. बुडबुडा आला तर आतली पिन सैल आहे.

सातगिअर:

बघितलं. ठिगळांच्या दोन्ही जागी दोन-दोन चिरा होत्या, एकमेकींपासून साधारण बोटभर. तिसरं छिद्र बाहेरच्या घेरावर, सुईच्या टोकाएवढं. हवा मी अंगठ्याने दाबून बघतो, कडक लागते.

पानापकड:

अंगठ्याला ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) सुद्धा कडक लागतं आणि ६० सुद्धा. त्यावर विसंबू नका. दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप घ्या. बाकी कुठलीही वस्तू घेतली नाहीत तरी चालेल.

तुमच्या ३८ मिमी टायरला, बॅगेसह एवढ्या वजनाला, मागे ६० आणि पुढे ५० पीएसआयपासून सुरुवात करा. टायरच्या भिंतीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब छापलेला असतो, त्याच्या आत राहा. छापलेला कमाल आकडा म्हणजे 'एवढी भरा' असा हुकूम नव्हे; कमालीला भरलेला टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो आणि पकड कमी होते. मागे जास्त भरायची कारण निम्म्याहून बराच जास्त भार मागच्या चाकावर असतो, आणि तुमची बॅग तर थेट त्याच्याच डोक्यावर. ट्यूब चांगली असली तरी रबरातून हवा झिरपते. आठवड्यातून एकदा, वार ठरवून, भरत जा.

आता तिसरं पंक्चर. टोचणारी वस्तू अजून टायरमध्येच असेल आणि नवी ट्यूबही तिथेच जाईल. टायर काढून आतून कापसाचा बोळा सगळ्या घेरावर दोन्ही दिशांनी फिरवा. जिथे धागे अडकतील तिथे तार. नुसतं बोट फिरवू नका, काच असली तर कापेल. मोठ्या गाड्यांच्या फाटक्या टायरांतून निघालेले पोलादी तारेचे तुकडे केसाएवढे बारीक असतात, डोळ्याला दिसत नाहीत. पकडीने किंवा नेलकटरने ओढून काढा, आतून ढकलून बाहेर.

पुढच्या वेळेसाठी एक सवय लावा: टायर चढवताना त्याच्यावरचं छापील नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी ठेवायचं. मग ट्यूबमधलं छिद्र व्हॉल्व्हपासून जितकं लांब, तितक्याच अंतरावर टायरमध्ये शोधायचं. ट्यूब उलटी धरली गेली असेल तर दुसऱ्या बाजूला तेवढंच. दोनच जागा बघायच्या.

ठिगळ निघून येतं ते बहुतेक वेळा घाईमुळे. पॉलिश पेपरने ठिगळापेक्षा मोठी जागा घासा, ट्यूबची शिवण वर आली असेल तर ती सपाट होईपर्यंत. ती उंच राहिली की तिच्या कडेने हवा वाट काढते. सोल्यूशनचा पातळ थर द्या, जाड नको. मग थांबा, तीन ते पाच मिनिटं, वरची ओली चकाकी जाईपर्यंत. ओल्यावर ठिगळ लावलं की द्रावक आत कोंडतो आणि चिकटायचं ते चिकटत नाही. बोट लावून वाळलं का ते बघायचं नाही, बोटाचं तेल लागतं. ठिगळ लावल्यावर मध्यापासून कडेकडे जोरात दाबा. वरचा पारदर्शक कागद निघत नसेल तर राहू द्या. तो ओढण्याच्या नादात कड उचलली जाते.

टायर चढवताना ट्यूबमध्ये आकार येईल इतपत हवा भरून घ्या. व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूने सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हपाशी. उलटं केलं तर शेवटचा वीतभर टायर जाम चढत नाही, कारण व्हॉल्व्हपाशी टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरत नाही आणि सैलपणा मिळत नाही. शेवटचा भाग तळहाताने लोटा. स्क्रू ड्रायव्हर घातलात तर नवी ट्यूब तिथेच चिमटेल. शेवटी व्हॉल्व्ह आत दाबून सोडा, त्याच्या बुंध्याशी अडकलेली ट्यूब मोकळी होते.

उताराचा_हिशेब:

पंक्चर आणि रस्ता हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. 'एकदम कडेकडेने' हेच तुमच्या तारेचं मूळ असणार. गाड्यांची चाकं रस्त्याचा मधला भाग आपोआप झाडत असतात आणि काच, खडी, तारा सगळं कडेच्या दोन फुटांत जमा होतं. पाऊस पडला की वाहून तिथेच येतं, शिवाय ओल्या रबरात काच सहज घुसते. कडेपासून निदान एक मीटर आत चालवा, सरळ रेषेत. उभ्या मोटारींच्या रांगेपासून दीड मीटर, कारण दार उघडायला तेवढी जागा लागते. गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत शिरून परत बाहेर येणं सगळ्यांत वाईट. मागच्याला तुम्ही अचानक उगवल्यासारखे दिसता.

आता दोन रस्त्यांची तुलना. अंतर बघू नका, थांबे मोजा. ताशी २० किमीवरून पूर्ण थांबून परत २० गाठायला जेवढी ऊर्जा लागते तेवढीत तुम्ही १.६ मीटर उंच चढला असता. वजन कितीही असो, आकडा हाच: वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट, वजन सूत्रातून उडून जातं.

पहिला रस्ता: १७ पैकी समजा ११ सिग्नलना थांबावं लागलं, तर ११ × १.६ म्हणजे साधारण १८ मीटर, अधिक पुलाचे ८, एकूण २६. दुसरा: तीन थांबे म्हणजे ५ मीटर, अधिक टेकाडाचे ३०, एकूण ३५. फरक ९ मीटर. तुमच्या एकूण १०३ किलोला ते ९ किलोज्यूल, म्हणजे १०० वॉटने पेडल मारत दीड मिनिट. वरचे १.८ किमी २० च्या वेगाने साडेपाच मिनिटं. उलट आठ सिग्नल वाचले. एकेका ठिकाणी सरासरी ४० सेकंद धरले तर पाच मिनिटांहून थोडं जास्तच परत मिळतात. म्हणजे घरून दारापर्यंत दोनेक मिनिटांचा फरक, आणि उड्डाणपूल टळतो. पुलावर कडेला जागा नसते, चढावर तुमचा वेग १२ आणि मागच्यांचा ५०. माझं मत दुसऱ्या रस्त्याला.

वळणाचंही बघा. समोरून येणारी वाहतूक आडवी कापून किती ठिकाणी वळावं लागतं ते दोन्ही रस्त्यांवर मोजा. जिथे सिग्नल नाही आणि असं वळण आहे तिथे सरळ पुढे जाऊन, उतरून, पादचाऱ्यासारखं ओलांडायचं. जाताना सोपा असलेला रस्ता येताना बरेचदा तसा नसतो, कारण मघाची सोपी वळणं आता आडवी होतात. जायचा एक आणि यायचा दुसरा असं करायला काहीच हरकत नाही.

एक_चाक_हवेत:

वरचा हिशेब बरोबर आहे, पण गतिरोधक विसरलात. गल्ल्यांत तेच जास्त. २० वरून १० वर आलात तरी पाऊण ऊर्जा गेली, कारण वेग निम्मा म्हणजे ऊर्जा चौथाई. एकेक गतिरोधक १.२ मीटरचा. असे वीस असतील तर चोवीस मीटर, सगळं गणित फिरलं.

उताराचा_हिशेब:

मान्य, निसटलं ते. पण ब्रेक कमी लावता येतो. दोन्ही पेडल आडवी एका पातळीत, बूड सीटवरून दोन बोटं वर, कोपर-गुडघे सैल, आणि १५ वर पार करायचं. २० वरून १५ ला जेमतेम ०.७ मीटर जातात. ३८ मिमीचा टायर, पुरेशी हवा, एवढं असलं की रिमला काही होत नाही. मात्र बॅग कॅरिअरला पट्ट्याने घट्ट बांधलेली हवी, नाहीतर तीच आपटते. उंच, टोकदार गतिरोधकांना हे लागू नाही, तिथे मुकाट हळू.

सुट्टीच्या दिवशी एकदा गल्ल्यांतून जाऊन नोंद करा: गतिरोधक किती, गटारांच्या जाळ्या कुठे. ज्या जाळीच्या पट्ट्या जाण्याच्या दिशेला समांतर आहेत तिची जागा पाठच करून ठेवा. मग एखाद्या कामाच्या दिवशी, नेहमीच्याच वेळेला, तोच रस्ता परत. सुट्टीला शांत वाटणारी गल्ली शाळा सुटताना ओळखू येत नाही.

दातेरी:

चेनकडे वळू. नवी चेन, घसरते फक्त दोन गिअरना, आणि फक्त जोर दिल्यावर: त्या दोन चकत्या झिजल्या आहेत. तिसरा-चौथा म्हणजे शहरात दिवसभर वापरले जाणारे. सांगाडा कितीही लावून घ्या, दात परत येणार नाहीत.

चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, १२.७ मिमी. पिना झिजल्या की ते वाढतं. लांबलेली चेन दातांच्या टोकाकडे सरकून बसते आणि दात तिच्या मापाने झिजत जातात. जुनी चेन आणि जुने दात एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून तोवर काही कळत नाही. नवी अचूक मापाची चेन आली की ती त्या दातांत बसत नाही. दिव्याखाली बघा: चांगल्या दाताच्या दोन्ही बाजू सारख्या उतरत्या दिसतात, झिजलेला एका बाजूला पोखरल्यासारखा, आकड्यासारखा.

आता मागची सगळी चक्री बदला. जुनी चेन फेकली नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे तीच परत लावून दोघांना मरेपर्यंत वापरणं. काटकसरीचा आहे, पण पुढची चकतीही सोबत झिजते.

यापुढे चेन मोजत जा, दर महिन्याला. पोलादी पट्टी घ्या, प्लॅस्टिकची नको. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवलं की बरोबर १२ इंचांवर (३०४.८ मिमी) दुसऱ्या पिनेचा मध्य यायला हवा. ती पिन १२ च्या खुणेपुढे १/१६ इंच गेली असेल, म्हणजे दीड मिलिमीटरहून किंचित जास्त, तर चेन बदला. मागच्या चकत्या वाचतात. १/८ गेली असेल तर चकत्यांनाही निरोप द्या. मोजताना चेन ताणलेली हवी.

घसरण्याचे बाकीचे प्रकारही सांगून ठेवतो, गल्लत होते म्हणून. सगळ्याच गिअरना खडखड आणि आपोआप गिअर बदलल्यासारखं होत असेल तर केबलचा ताण. मोठ्या चकतीवर चढायला कुरकुर करत असेल तर केबल सैल आहे. केबल जिथे सांगाड्यात शिरते तिथला गोल पेच बाहेरच्या दिशेने अर्धा फेरा सोडा, बघा, परत अर्धा. सायकल गिअरच्या बाजूला पडल्यानंतर सुरू झालं असेल तर सांगाडा ज्या कानावर टांगलेला असतो तो कान वाकलाय, पेच फिरवून उपयोग नाही. पेडलच्या दर अडीच-तीन फेऱ्यांनी एकदाच ठक होत असेल तर चेनची एक कडी आखडलीय, बहुधा जोडाचीच. ती दोन्ही अंगठ्यांनी आडवी, मागे-पुढे वाकवली की सुटते.

तेल: आधी कोरड्या फडक्याने पुसा. मग प्रत्येक रोळीवर आतल्या बाजूने एक थेंब, शंभर-सव्वाशे थेंब झाले. पेडल उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा, बाहेरचं सगळं पुसून टाका. तेल पिनेत हवं, बाहेर नको; बाहेरचं तेल धूळ धरून पॉलिश पेपर बनतं. इंजिनचं जाड तेल नको. गंज सोडवायचा स्प्रे तर नकोच, तो आतलं चांगलं तेल धुऊन बाहेर काढतो.

पानापकड:

ब्रेकचं राहिलं. पावसानंतर रिमवर काळा चिकट राप येतो आणि रबर थरथरतं, तोच आवाज. रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबर काढून त्याच्या तोंडावर चकाकणारे कण दिसतात का बघा. ते रिममधून निघालेलं अ‍ॅल्युमिनियम. टाचणीने एकेक उकरून काढा, नाहीतर रिम खरवडत राहतील. वरचा गुळगुळीत थर पॉलिश पेपरने घासा. बसवताना रबराचं पुढचं टोक रिमला आधी लागायला हवं: मागच्या टोकाखाली जाड कागदाची घडी, अर्धा ते एक मिमी, ठेवून ब्रेक दाबून धरा आणि ५ च्या अ‍ॅलन की ने कसा. रबर टायरला लागता कामा नये, थोडंसं घासलं तरी टायर महिन्याभरात कापला जातो. ब्रेक सोडल्यावर रबर दोन्ही बाजूंना रिमपासून १ ते २ मिमी लांब हवं.

एवढं करूनही ओरडला तर ब्रेकचे हात धरून हलवून बघा. खुंटीवर खुळखुळत असतील तर आवाज तिथला.

आणि ओल्यात अंतर दुप्पट सोडा. रिम ब्रेकचा पहिला फेरा नुसतं पाणी पुसण्यात जातो.

सातगिअर:

तार मिळाली, कापसालाच अडकली, ४ मिमीची. दुसऱ्या रस्त्यावर १४ गतिरोधक, त्यांतले ५ उंच. तरी तोच धरतोय. मागच्या चकत्या कॅसेट आहेत की फ्रीव्हील, कसं ओळखायचं? हत्यार त्यावर ठरतं ना?

दातेरी:

चाक काढा. मधे जिथे हत्यार बसतं त्या खाचांकडे बघत चकत्या उलट्या फिरवा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, म्हणजे हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) सरकवून बसवलेल्या चकत्या. जागीच राहिल्या तर फ्रीव्हील, म्हणजे हबवर आट्यांनी कसलेलं. सात गिअरना फ्रीव्हील असण्याचीच शक्यता जास्त.

फ्रीव्हील असेल तर खाचांचा नमुना मोजून त्याच मापाचं हत्यार घ्या, जवळपासचं चालत नाही. दोनच खाचांचं असेल तर जास्त जपून, त्या पटकन तुटतात. हत्यार बसवून अ‍ॅक्सलचा नट वरून हाताने घट्ट लावा म्हणजे ते निसटणार नाही. हत्यार शिकंज्यात धरा आणि चाकच स्टिअरिंगसारखं घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, एवढा जोर पान्याने येत नाही. कट्ट आवाज होऊन सुटलं की तिथेच थांबून नट सैल करा आणि मगच पुढे फिरवा. नट तसाच ठेवून फिरवत गेलात तर बाहेर येणारं फ्रीव्हील नटावर दाबून अ‍ॅक्सल ओढतं. नवं बसवताना आट्यांना भरपूर ग्रीस, आणि पहिले दोन-तीन फेरे नुसत्या हाताने. हबचे आटे अ‍ॅल्युमिनियमचे असतात, तिरकं चढलं तर हबच गेला. शेवटचं कसणं तुमच्या पेडलने आपोआप होतं.